शाई, मंडप आणि अंधारातला घट



१९७१ च्या मार्चमध्ये लोकसभेची मध्यावधी निवडणूक झाली, तेव्हा मला एकवीस पूर्ण नव्हती. त्या काळी मतदानाचे वय एकवीस होते, त्यामुळे माझे बोट कोरेच राहिले. पण निकालानंतर वसतिगृहात आम्ही एक प्रयोग मात्र केला. लिंबाच्या रसात काडी बुडवून कागदावर फुली काढायची, वाळू द्यायची, आणि मग कागद स्टोव्हवर जरा दुरून धरायचा. फुली तपकिरी होऊन वर येते. आमचा एक मित्र एकदम विजयी मुद्रेने म्हणाला, "आपल्याला लिंबावर जमतंय, मग रशियाला जमणार नाही?"

हा रशिया मध्येच कुठून आला, ते सांगतो. इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या होत्या. विरोधकांच्या बड्या आघाडीचा धुव्वा उडाला. जनसंघ ३५ वरून २२ वर आला. दक्षिण दिल्लीतून जनसंघाचे माजी अध्यक्ष प्राध्यापक बलराज मधोक काँग्रेसच्या शशी भूषण यांच्याकडून पडले. मधोक इतिहासाचे प्राध्यापक, १९६७ मध्ये तिथूनच निवडून आलेले. त्यांनी निवडणूक याचिका केली, आणि तिच्यातला आरोप असा की मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केलेली होती. मतदाराने मारलेला शिक्का काही काळाने उडून जायचा आणि गाय-वासराच्या चिन्हापुढे आधीच उमटवून ठेवलेला शिक्का वर यायचा. शाई परदेशातून, म्हणजे रशियातून आली, असे बाहेर बोलले जाई. आपल्याकडे मुंबईत तर बाई, गाय आणि शाई हे यमकच लोकांच्या तोंडी बसले होते. यमक जुळले की आपल्याला अर्धा पुरावा मिळाल्यासारखे वाटते, हा आपला जुना आजार.

आज या शाईला हसणे सोपे आहे. मीही हसतो. पण त्या याचिकेचे पुढे काय झाले, ते हसण्यासारखे नाही. मतपेट्या उघडून पाहाव्यात की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तोवरचा दंडक कडक होता. मताची गुप्तता पवित्र, आणि नुसत्या संशयावर, काही सापडते का बघू या म्हणून, पेट्या उघडायच्या नाहीत. तरीही जानेवारी १९७२ मध्ये न्यायालयाने नमुन्यादाखल काही मतपत्रिका तपासायला परवानगी दिली. आरोप चमत्कारिक आहे म्हणून दाराबाहेर उभा केला नाही. तपासणी झाली, खटला चालला, आणि शाईचा आरोप सिद्ध झाला नाही. विषय हळूहळू विरला.

तो विरला कशामुळे? सरकारने खुलासा केला म्हणून नव्हे. कागद शिल्लक होते, ते बाहेर काढता आले, आणि आरोप करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धरता आले, म्हणून. (ज्यांना विश्वास ठेवायचाच होता त्यांनी तो पुढेही ठेवला, ते सोडा.)

आता गंमत बघा. सगळा देश जादूच्या शाईची चर्चा करत असताना त्याच निवडणुकीतली दुसरी एक याचिका अलाहाबादेत संथपणे सरकत होती. रायबरेलीतून राज नारायण १,११,८१० मतांनी हरले होते. १२ जून १९७५ रोजी न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी इंदिराजींची निवड रद्द केली. कशासाठी? तर यशपाल कपूर नावाच्या अधिकाऱ्याचा सरकारी नोकरीचा राजीनामा रीतसर मंजूर होण्याआधीच त्यांचा प्रचारात उपयोग झाला, आणि उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांनी सभेची व्यासपीठे बांधून दिली, ध्वनिक्षेपकांना वीज पुरवली. म्हणजे मंडप, वीज आणि एक राजीनाम्याची तारीख! रसायन नाही, रशिया नाही. पुढची आणीबाणी तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टमध्ये ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवड न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेण्याचा प्रयत्न झाला, आणि ७ नोव्हेंबर १९७५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला. मात्र निवडणूक कायदाच मधल्या काळात पूर्वलक्षी प्रभावाने बदललेला असल्यामुळे इंदिराजींची निवड कायम राहिली.

सिन्हांनी धरलेले दोष किरकोळ होते, असे तेव्हाही म्हटले गेले. मला तो मुद्दा वेगळा वाटतो. नियमभंग असतो तो बहुधा असाच असतो: कंटाळवाणा, फायलीत सापडणारा, तारखांवरून पकडला जाणारा. शाईच्या मागे धावणाऱ्याला तो दिसत नाही.

माझा विषय तत्त्वज्ञान, म्हणून थोडे विषयांतर करतो. भाट्ट मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. जमिनीवर घट नाही, हे मला कशावरून कळते? 'नाही' ही काही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. घट दिसत नाही यावरूनच तो नाही हे कळते, असे ते म्हणतात. नैयायिकांना हे वेगळे प्रमाण मान्य नाही, पण तो वाद आज नको. मला महत्त्वाची वाटते ती अट. घट असता तर तो नक्की दिसला असता, अशी स्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, मध्ये भिंत नको. ही योग्य अनुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. बौद्ध धर्मकीर्तीने याच संदर्भात पिशाच्चाचे उदाहरण दिले आहे. जे मुळात दिसण्याजोगेच नाही, ते दिसले नाही म्हणून 'नाही' असेही सिद्ध होत नाही.

आमच्या वसतिगृहातली शाई हे असले पिशाच्च होते. मतपत्रिकेवर खूण दिसली नाही, तर मित्र म्हणे, बघा किती बेमालूम शाई! पण तीच चूक उलट्या बाजूनेही होते, आणि ती अधिक प्रतिष्ठित माणसे करतात. "गडबड झाल्याचा एकही पुरावा आजवर कोणी दिलेला नाही." विधान खरे असेल. पण खोलीची किल्ली कोणाकडे आहे आणि आत दिवा लावला होता का, हे विचारल्याशिवाय त्या विधानाला वजन नाही.

यंत्रे आली तेव्हा हा दिव्याचाच प्रश्न आला. १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात ८४ पैकी ५० केंद्रांवर पहिल्यांदा मतदान यंत्रे वापरली. कम्युनिस्ट उमेदवार सिवन पिल्लै यांनी निवडणुकीआधी यंत्रांना विरोध केला, न्यायालयातही गेले. मग ते स्वतःच १२३ मतांनी जिंकले! आता हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयात गेले आणि पिल्लै यंत्रांच्या बाजूने उभे राहिले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही. त्या ५० केंद्रांवर कागदावर फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले. पुढे कायदा बदलला, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सर्वत्र यंत्रांवर झाली. २००९ मध्ये हरल्यावर भाजपच्या नेत्यांना यंत्रांचा संशय आला, २०१४ नंतर काँग्रेसला आला. संशयाचा पत्ता निकालाबरोबर बदलतो. पण यावरून संशय खोटा असे ठरवू नका. खोकला कोणाला झाला यावरून घरात ओल आहे की नाही ते ठरत नाही.

कागदाच्या काळाबद्दल फार गहिवरून येण्याचेही कारण नाही. बूथ ताब्यात घेऊन गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारण्याचा धंदा कागदावरच चालत होता. यंत्र मिनिटाला चार-पाचच मते घेते, या साध्या अटीने त्या धंद्याला मोठा लगाम बसला. हे यंत्राचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

मला सर्वांत स्वच्छ विचार दिसतो तो जर्मनीच्या घटना न्यायालयाच्या ३ मार्च २००९ च्या निकालात. २००५ च्या तिथल्या संसदीय निवडणुकीत सुमारे वीस लाख मतदारांनी यंत्रांवर मते दिली होती. मतमोजणीत चूक झाल्याचा पुरावा नाही, म्हणून न्यायालयाने निवडणूक रद्द केली नाही. पण ती यंत्रे मात्र घटनाबाह्य ठरवली. कारण, निवडणुकीच्या महत्त्वाच्या पायऱ्या विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकालाही तपासता आल्या पाहिजेत. दोन्ही गोष्टी एका निकालात! घट सापडला नाही हेही मान्य, आणि दिवा नव्हता हेही मान्य.

आपल्याकडे ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी चिठ्ठीची, म्हणजे व्हीव्हीपॅटची, गरज मान्य केली. २०१९ मध्ये प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायचे ठरले. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्व चिठ्ठ्या मोजण्याची आणि कागदाकडे परतण्याची मागणी फेटाळली गेली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल अशी सोय झाली. कोट्यवधी चिठ्ठ्या ताडून पाहिल्या आणि एकाचे मत दुसऱ्याला गेल्याचे एकदाही आढळले नाही, असे आयोगाने न्यायालयात सांगितले होते. हे मी गंभीरपणे घेतो. ही उजेडातली अनुपलब्धी आहे, त्या पाच खोल्यांपुरती तरी. राहिलेल्या खोल्यांचा आपण अनुमानाने विचार करतो. नमुना खरोखर यादृच्छिक असेल तर ते अनुमान चांगले आहे. पण एखाद्या गावाच्या मनातली शंका संख्याशास्त्राने जात नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी आठवते ना? नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालानंतर तिथल्या काही लोकांना आपल्या गावातला आकडा पटेना. ज्या उमेदवाराच्या बाजूने ही तक्रार होती, तो मतदारसंघात निवडूनही आला होता, हे विशेष. गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला स्वतःच कागदावर मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झाले नाही.

ते झाले असते तरी काही सिद्ध झाले नसते, असे माझे मत आहे. निकाल ठाऊक असताना, शेजारी बघत असताना, दोन आठवड्यांनी दिलेले मत हे २० नोव्हेंबरच्या मताचा पुरावा नव्हे. कायद्यालाही ते मान्य नव्हते. पण बंदोबस्त लावून त्या लोकांची कोणती शंका फिटली? मूळ मतदानाच्या चिठ्ठ्या कुठेतरी सीलबंद होत्याच. त्या गावाच्या केंद्रांच्या चिठ्ठ्या चावडीवर आणून, दोन्ही बाजूंच्या चार माणसांसमोर मोजायला किती तास लागले असते? दक्षिण दिल्लीच्या पेट्या १९७२ मध्ये उघडता आल्या होत्या, तेही शाईसारख्या आरोपावर.

असो. वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.