मोटारसायकलीवरील गाणें : विवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्या जुळणीचा इतिहास

मोटारसायकलीवर बसून गाणें ऐकण्याची हौस कोणाला छांदिष्टपणाची वाटेल, कोणाला उपद्रवाची. त्या वादांत मला आज शिरावयाचें नाहीं. परंतु ज्यानें कोणीं ही हौस एकदां पुरवून पाहिली आहे, त्याच्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो. अँप्लिफायर, म्हणजे ध्वनीच्या क्षीण विद्युत्-लहरींना बळ देणारा विवर्धक, आणि लाउडस्पीकर, म्हणजे त्या लहरींचा पुन्हा आवाज करणारा ध्वनिक्षेपक, या दोघांची जुळणी कशी करावयाची? दुकानदार 'चार ओहम', 'दोन ओहम' असे आंकडे सांगतो. विवर्धकाच्या पेटीवर वॅटचे भलेमोठे आंकडे छापलेले असतात. लग्नाच्या पत्रिकेप्रमाणें आंकड्याला आंकडा मिळाला कीं काम झालें, अशी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत कोठून आली, तिनें जाणत्या लोकांनाही कसें चकविलें, आणि मोटारसायकलीसारख्या अडचणीच्या जागीं जुळणीचा खरा अर्थ कसा उघडा पडला, हें श्रोत्यांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

या कथेचा आरंभ गाण्यानें होत नाहीं, नावेनें होतो. १८३८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें मॉरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञानें नेवा नदींत विद्युत्-घटांच्या बळावर चालणारी एक नाव सोडली. घट मोजके, प्रवाह मोठा. तेव्हां आहे त्या घटांतून जास्तींत जास्त काम कसें काढावें, हा त्याच्यापुढील प्रश्न. १८४० च्या सुमारास त्यानें दाखवून दिलें कीं, घटाच्या अंगांत जितका रोध असेल, तितकाच रोध बाहेरच्या यंत्राचा असला म्हणजे यंत्राच्या वांट्याला येणारी शक्ति सर्वांत अधिक असते. नियम अगदीं खरा आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी कीं, या जुळणींत निम्मी शक्ति घटाच्या पोटांतच उष्णतेच्या रूपानें जिरून जाते. अधिकांत अधिक शक्ति काढणें आणि कमींत कमी नासाडी होऊं देणें या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि पुढच्या पिढीला नेमका हाच भेद दिसला नाहीं.

१८७९ च्या सुमारास अमेरिकेंत मेन्लो पार्क येथें एडिसन आणि त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनीं आंतील रोध मुद्दाम अतिशय कमी ठेवलेला डायनॅमो बनविला. यंत्राला दिलेल्या शक्तीपैकीं शेंकडा नव्वदच्या आसपास शक्ति विजेच्या रूपानें परत मिळते, असें त्यांनीं सांगितलें, तेव्हां याकोबीचा नियम मुखोद्गत असलेल्या विद्वानांनीं तें अशक्य ठरविलें. निम्म्याहून अधिक मिळणारच कशी, असा त्यांचा सवाल. डायनॅमो चालला, त्यानें शहरें उजळलीं. नियमही खोटा ठरला नाहीं. खोटा ठरला तो नियमाचा चुकीच्या ठिकाणीं केलेला उपयोग.

व्हॉल्व्हच्या युगांत मात्र या नियमाला पुन्हा मानाचें पान मिळालें, आणि तें सकारण होतें. व्हॉल्व्ह म्हणजे उंच दाबाचें पण अगदीं थोड्या प्रवाहाचें यंत्र. त्याचा रोध हजारों ओहमांत मोजावा लागे. उलट १९२५ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनीं जो ध्वनिक्षेपक सिद्ध केला, त्याचें हृदय म्हणजे कागदी शंकूला चिकटविलेलें तारेचें एक हलकेंसें वेटोळें. त्याचा रोध इनमिन कांहीं ओहम. आज मोटारींत, घरांत, मोटारसायकलीवर दिसणारे बहुतेक ध्वनिक्षेपक याच घराण्यांतले. या दोघांनीं काढलेली एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. 'रेडिओला १०४' या नांवानें त्यांचा ध्वनिक्षेपक बाजारांत आला, तो एकटा आला नाहीं. त्याला साजेसा सुमारे १ वॅटचा विवर्धक त्याच पेटींत बसविलेला होता. जुळणी गिऱ्हाइकावर सोंपविण्याजोगी नाहीं, हें शोधकांनीं पहिल्याच दिवशीं ओळखलें होतें!

हजारों ओहमांचा व्हॉल्व्ह आणि चार ओहमांचें वेटोळें यांची गांठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दोन गुंडाळ्यांतील वेढ्यांचें जें प्रमाण, त्याच्या वर्गाइतकें रोधाचें प्रमाण बदलतें. एका बाजूला दुसरीच्या चाळीसपट वेढे घेतले, तर ४ ओहमांचा ध्वनिक्षेपक व्हॉल्व्हला ६४०० ओहमांचा भासतो. तरीही बरोबरीचा नियम येथेंही अक्षरशः चालला नाहीं. तीन ध्रुवांच्या व्हॉल्व्हमधून आवाज न फाटतां अधिकांत अधिक शक्ति घ्यावयाची तर बाहेरचा रोध व्हॉल्व्हच्या रोधाच्या सुमारे दुप्पट ठेवावा लागे. शिवाय ध्वनिक्षेपक सुटा करून असा विवर्धक जोरांत चालविला, तर ट्रान्सफॉर्मरमध्यें दाब चढून तो जळण्याची भीति असे. जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांनीं ही धास्ती जन्मभर बाळगली.

आतां १९२७ साल. त्या वर्षीं २३ जुलै रोजीं मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें, हें आपल्याकडील पुष्कळांना ठाऊक असतें. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनीं, २ ऑगस्टला, न्यूयॉर्कजवळ हडसन नदी ओलांडणाऱ्या होडींतून कामावर जातांना हॅरल्ड ब्लॅक या तरुण इंजिनियरला ऋण प्रतिपोषाची कल्पना सुचली, आणि त्यानें ती हातांतील 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच टिपून ठेवली. विवर्धकांतून बाहेर पडणाऱ्या लहरीचा कांहीं भाग उलटा करून पुन्हा त्याच्याच तोंडीं द्यावयाचा, म्हणजे तो आपली चूक आपणच सुधारीत जातो. ही युक्ति योजली असतां विवर्धकाचा आंतील रोध जणूं नाहींसा होतो. एडिसनच्या डायनॅमोप्रमाणें तो ठरलेला दाब पुरवितो. प्रवाह किती ओढावयाचा, तें ध्वनिक्षेपक ठरवितो.

याच सुमारास गाणें वाहनावर चढूं लागलें होतें. १९३० सालीं शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनचा 'मोटोरोला' हा मोटारींतील रेडिओ निघाला. मोटारीच्या बॅटरीचा दाब ६ व्होल्ट, आणि व्हॉल्व्हना हवे दोनशेंच्या घरांत. त्यासाठीं लवकरच 'व्हायब्रेटर' नांवाची थरथरणारी पट्टी आली. ती बॅटरीचा प्रवाह सारखा तोडी आणि जोडी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला दाब चढवितां येई. तिची ती गुणगुण आणि बॅटरीवरचा तिचा भार ऐकूं आल्यावांचून राहत नसे.

१९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला, आणि १९५५ सालीं क्रायस्लर व फिल्को यांनीं मोटारीसाठीं सर्वस्वी ट्रान्झिस्टरचा रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टर हा अल्प दाबाचा आणि मोठ्या प्रवाहाचा धनी. म्हणजे स्वभावानेंच ध्वनिक्षेपकाच्या जातीचा. पुढें मधला ट्रान्सफॉर्मर गेला. त्याबरोबर धोक्यांचीही अदलाबदल झाली. ध्वनिक्षेपक सुटला तर नव्या विवर्धकाला कांहींच होत नाहीं. ओहम फार कमी झाले, तर मात्र प्रवाह अनावर होऊन तो तापतो. आज पेटीवर 'कमींत कमी २ ओहम' असें लिहिलेलें असतें, तें या कारणानें. ती बरोबरीची अट नव्हे, मर्यादेची आहे. विवर्धकाचा स्वतःचा रोध ओहमच्या अल्पशा अंशाइतका असतो. त्याच्याशीं बरोबरी साधूं जाणारा ध्वनिक्षेपक विवर्धकाला जाळील, नाहींतर त्याचें संरक्षक कळसूत्र त्याला बंद पाडील.

मोटारसायकलीवर हा हिशेब फार कडक होतो. होंडा कंपनीची 'गोल्ड विंग' १९७५ सालीं निघाली. १९८० च्या 'इंटरस्टेट' या प्रकारांत वाऱ्याला अडविणारें कवच कारखान्यांतूनच बसवून मिळूं लागलें आणि त्यांत रेडिओची ऐच्छिक सोय झाली. पहिल्या गोल्ड विंगच्या विद्युत्-जनित्राची एकंदर शक्ति सुमारे ३०० वॅट. त्यांतूनच दिवा, प्रज्वलन आणि बॅटरी यांची गरज भागवावयाची, आणि उरेल त्यावर गाणें.

दाबाची कथा याहून अवघड. एंजिन चालू असतां बॅटरीचा दाब सुमारे १४ व्होल्ट. साध्या विवर्धकाला त्यांतील निम्मा, म्हणजे ७ व्होल्टांपर्यंतच लहरीचा माथा नेतां येतो. ४ ओहमांच्या ध्वनिक्षेपकावर त्यांतून मिळतात जेमतेम ६ वॅट. आडांतच नाहीं, तें पोहऱ्यांत कोठून येणार? यावर इंजिनियरांनीं दोन विवर्धक ध्वनिक्षेपकाच्या दोन टोकांना उलटसुलट जोडले. मग माथा १४ व्होल्टांवर गेला आणि शक्ति चौपट होऊन २४ वॅटच्या आसपास आली. आणखी हवी असेल, तर दाब हलत नाहीं, म्हणून रोध अर्धा करावयाचा. मोटारसायकलीवर २ ओहमांचे ध्वनिक्षेपक आले, त्याचें कारण हें: सुमारे ४९ वॅट, पण प्रवाह दुप्पट. असे चार ध्वनिक्षेपक सलग सुराच्या पूर्ण जोरावर चालविले, तर जुन्या पद्धतीचा विवर्धक अडीचशें वॅट सहज ओढील. संगीतांत जोराच्या जागा क्षणिक असतात आणि सरासरी गरज त्याच्या आठव्या हिश्शाच्या घरांत राहते, म्हणून निभावतें. याहून मोठे विवर्धक बॅटरीचा दाबच चढवून घेतात. त्या जुन्या थरथरत्या पट्टीचें काम आतां ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारों वेळां आणि मुकाट्यानें करितो. नासाडीवरील उपाय म्हणजे 'डी' वर्गाचा विवर्धक, जो लहरीचे तुकडे पाडून नुसती उघडझांप करितो. १९६४ सालीं इंग्लंडांत क्लाइव्ह सिंक्लेअरनें तसा संच विकावयास काढला, तेव्हां त्याच्यावर १० वॅट असें लिहिलें होतें आणि प्रत्यक्षांत त्याच्या चौथ्या हिश्शाइतकेच निघत. पेटीवरच्या वॅटांवर विश्वास किती ठेवावा, याचा हा जुना दाखला. पुढें ही पद्धति सुधारली, आणि आज मोटारसायकलीवर तीच सर्वांत सोयीची ठरली आहे.

कमी वॅटचा विवर्धक ध्वनिक्षेपकाला निर्धोक, असेंही कित्येक मानतात. कुवतीबाहेर ताणला कीं त्याच्या लहरीचे माथे छाटले जातात. पुरती छाटलेली चौकोनी लहर त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ति वाहते, आणि तिच्यांतील कर्कश भाग उंच सुरांच्या नाजूक ध्वनिक्षेपकावर जाऊन पडतो. तो तेथेंच जळतो.

ताण द्यावा लागतो तो वाऱ्यामुळें. वाऱ्याच्या गोंगाटाची शक्ति ढोबळमानानें वेगाच्या सहाव्या घाताप्रमाणें वाढते. वेग दुप्पट झाला कीं गोंगाट चौसष्टपट, म्हणजे १८ डेसिबलनीं अधिक. त्याच्यावर मात करावयाची तर विवर्धकही चौसष्टपट शक्तीचा हवा, आणि हें कोणत्याही बॅटरीला झेपणारें नाहीं. म्हणून जाणकार वॅटांच्या आधीं ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता पाहतात. ती ३ डेसिबलनीं चांगली असली, तर निम्म्या शक्तीचा विवर्धक तेंच काम करितो. त्याहून कठीण गोष्ट कानांची. ताशीं शंभर किलोमीटरच्या वेगाला शिरस्त्राणाच्या आंतही नव्वदांहून अधिक डेसिबलचा गोंगाट असतो. १९९८ मध्यें अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्य-संस्थेनें घालून दिलेल्या प्रमाणाप्रमाणें ८५ डेसिबल आठ तास सोसावे, आणि पुढें दर ३ डेसिबलमागें वेळ अर्धा करावा. १०० डेसिबलला मिळतात पंधरा मिनिटें. वारा आणि वाऱ्यावर चढविलेलें गाणें या दोहोंना मिळून.

शिरस्त्राणाच्या अस्तरांत बसणारे चपटे ध्वनिक्षेपकही आले. कानापासून बोटभर अंतरावर वॅटचा लहानसा अंशही पुरतो; आणि कानाशीं लावावयाच्या अशा उपकरणांचा रोध बहुधा १६ किंवा ३२ ओहम असतो. मोटारसायकलीच्या कवचावर ज्या ओहमांना दोनपर्यंत खालीं यावें लागलें, त्यांना येथें पुन्हा वर चढावयास सवड मिळाली आहे.