कॉफीचा वास आणि राजाज्ञा

घरच्या घरीं कॉफीचा पेला आणि सोबत घरचेंच कांहीं गोडधोड, हें सुख आपणांस इतकें साधें वाटतें कीं, त्यावर कधीं राजाची दृष्टि गेली असेल अशी शंकाहि येत नाहीं. परंतु अठराव्या शतकांत प्रशियांत तसें घडलें.

जर्मन नगरांतील कॉफीगृहें बहुतांशीं पुरुषांचीं; म्हणून स्त्रिया एकमेकींच्या घरीं जमून कॉफी घेत. लाइप्झिग येथें १७१५ सालीं निघालेल्या एका स्त्रीविषयक कोशांत या मेळाव्याची नोंद आहे. पुढें घरीं भाजलेला केकहि त्याचा सोबती झाला.

पण कॉफी परदेशची. तिच्यापायीं देशाचा पैसा बाहेर जातो, हें राजा दुसऱ्या फ्रेडरिकास खुपलें. प्रजेनें बीअर प्यावी, असें त्यानें १७७७ सालीं बजावलें. १७८१ सालीं कॉफी भाजण्याचा मक्ताच सरकारकडे घेतला. परवाने मिळत ते उमराव, अधिकारी अशा वरच्या वर्गास. इतरांच्या घरांतून भाजल्याचा वास येतो काय, हें हुंगत फिरण्यास जायबंदी शिपाई नेमले. गरिबांनीं मग चिकोरीचें मूळ भाजून त्यावर तहान भागविली.

१७८६ सालीं राजा वारला. पुढल्याच वर्षीं मक्ता उठला. चिकोरी मात्र राहिली. आज आपल्याकडील कॉफीच्या पुष्कळ पुड्यांवरहि तिचें प्रमाण छापलेलें असतें.

राज्याचा पैसा राखणें हें राजाचें कर्तव्य खरें. पण ज्या कायद्यानें श्रीमंताचा पेला भरलेला राहतो आणि गरिबाच्या चुलीचा तेवढा वास घेतला जातो, तो कायदा टिकत नाहीं, टिकूंहि नये.