विजयदुर्ग ते बजबज

कलकत्त्याच्या खाली सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, हुगळीच्या पूर्व तीरावर बजबज नावाचे गाव आहे. तागाच्या गिरण्या आणि खनिज तेलाच्या टाक्या ही त्याची रोजची ओळख. इतिहासाच्या वाचकाला ते आणखी दोन कारणांनी ठाऊक असते. परदेशाहून परतलेले स्वामी विवेकानंद १८९७ च्या फेब्रुवारीत मद्रासहून आगबोटीने आले ते येथेच उतरले. पुढे १९१४ च्या २९ सप्टेंबरला, कॅनडाने परत धाडलेले हिंदी उतारू घेऊन ‘कोमागाता मारू’ हे जहाज येथेच थांबले, आणि त्या उतारूंवर गोळीबार झाला. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते याहून जुन्या एका प्रसंगाविषयी. त्याचा धागा थेट आपल्या कोकणातल्या विजयदुर्गाशी जाऊन मिळतो. आणि तो धागा आहे अरुंद जागी जहाज आणून उभे करण्याच्या विद्येचा.

बजबजच्या घाटावर घटकाभर उभे राहिले, म्हणजे ही विद्या काय असते याची कल्पना येते. हुगळीला समुद्राची भरती चढते, आणि दिवसातून दोन वेळा प्रवाहाची दिशा उलटते. होडी काठाला लावणारा नावाडी सरळ घाटाकडे धाव घेत नाही. ओहोटी लागलेली असेल तर तो घाट ओलांडून थोडा खाली जातो, होडीची नाळ वरच्या अंगाला, म्हणजे येणाऱ्या पाण्याच्या तोंडावर वळवतो, शीड उतरवतो, आणि मग तिरप्या चालीने हळूहळू काठाशी येतो. भरतीच्या वेळी हाच क्रम उलटा.

याचे कारण साधे आहे. सुकाणू काम करते ते त्याच्यावरून पाणी वाहते म्हणून. होडी प्रवाहाच्या विरुद्ध असली, तर काठाच्या मानाने ती जवळजवळ उभी असतानाही सुकाणूवरून पाणी वाहतच असते, आणि ती नावाड्याच्या हुकमात राहते. प्रवाहाबरोबर येणाऱ्या होडीला सुकाणू मानावयाचे तर प्रवाहाहून अधिक वेगाने धावावे लागते. आणि अशा वेगाने आलेली होडी घाटाला लागत नाही, ती घाटावर आदळते.

मोठ्या जहाजाला एवढ्याने भागत नाही. ते आधी नांगर टाकते आणि नांगराचा दोर बेताबेताने सोडीत आपल्या जागेवर उतरते. जहाजाची कूस फिरवावयाची असल्यास नांगराच्या दोराला पिछाडीकडून दुसरा दोर बांधून तो आवळतात. वारा पडला, तर लहान नांगर होडीतून पुढे नेऊन टाकावयाचा आणि त्याच्या दोराने जहाज ओढून घ्यावयाचे. काठाशी आल्यावर एक दोर नाळेचा, एक पिछाडीचा, आणि जहाज पुढेमागे सरकू नये म्हणून दोन तिरपे. पाणी चढते-उतरते, म्हणून हे दोर ताणून बांधावयाचे नाहीत. आणि गाठ अशी मारावयाची की प्रसंग पडताच ती क्षणात सुटावी.

ही विद्या आपल्या कोकणाला नवी नव्हती. विजयदुर्ग वाघोटणच्या खाडीच्या मुखाशी उभा आहे. खाडीत आत गिर्ये येथे जहाजांसाठी खडकात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. आंगऱ्यांच्या गुराबा आणि गलबते उथळ बुडाची असत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून नेत. पाठीवर मोठे जहाज आले तर खाडीत शिरावे आणि किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला राहावे, हा त्यांचा ठरलेला मार्ग होता. विजयदुर्गाच्या बंदरात मोठी जहाजे शिरूच शकत नाहीत, असा लौकिकही पसरला होता.

तो लौकिक एका साध्या कृतीने मोडला. १७५५ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांनी कमोडोर जेम्स याला पाण्याची खोली मोजून येण्यास पाठविले. बंदरात मोठ्या जहाजांपुरते पाणी आहे, असे त्याने येऊन सांगितले. मग १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचे आरमार ‘केंट’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ इत्यादी जहाजांसह विजयदुर्गासमोर आले. जमिनीवर लढणाऱ्या सैन्याचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह. पेशवे नानासाहेब या मोहिमेत इंग्रजांचे सहकारी होते, ही गोष्ट मराठी मनाला आजही बोचते. १२ फेब्रुवारीला दुपारच्या समुद्री वाऱ्यावर ती जहाजे बंदरात शिरली आणि तटासमोर नांगरून ओळीने उभी राहिली.

तुळाजी आंगऱ्यांचे आरमार त्या वेळी किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांशी दोरांनी जखडून दाटीने उभे होते. त्यांत ‘रेस्टोरेशन’ हे आंगऱ्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेले जहाज होते. तोफेचा एक गोळा त्याच्यावर पडला आणि ते पेटले. शेजारची गुराब त्याला बांधलेली, तिच्या शेजारची तिला बांधलेली. थोड्याच वेळात सारे आरमार जळून गेले. जी नावे खुल्या समुद्रावर ऐकताच परक्या व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा उठे, ती जहाजे बंदरात, जागच्या जागी राख झाली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

आता पुन्हा हुगळीवर येऊ. सिराजउद्दौल्याने जूनमध्ये कलकत्ता घेतल्यावर हेच वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासहून बंगालकडे निघाले. विजयदुर्ग जाळल्यास अकरा महिने व्हावयाचे होते, तोच २९ डिसेंबर १७५६ रोजी ‘केंट’ आणि तिच्या सोबतिणी बजबजच्या किल्ल्यासमोर येऊन नांगरल्या. त्यांनी दिवसभर मारा करून किल्ल्याच्या तोफा बंद पाडल्या. रात्री स्ट्रॅहन नावाचा एक झिंगलेला खलाशी एकटाच तटावर चढला, त्याच्या आरोळीमागून इतर धावले, आणि किल्ला हाती आला. २ जानेवारी १७५७ रोजी कलकत्ताही इंग्रजांकडे परत गेले.

या विद्येची खरी कसोटी लागली ती चंद्रनगरला, २३ मार्च १७५७ रोजी. फ्रेंचांनी जहाजे बुडवून नदीची वाट अडविली होती. इंग्रजांनी आधी होड्या पाठवून पाणी मोजले, आणि बुडालेल्या जहाजांच्या वर राहिलेल्या डोलकाठ्यांवर किल्ल्याकडून दिसणार नाहीत असे दिवे टांगून वाट आखून घेतली. सकाळच्या भरतीवर जहाजे वर चढली. ‘टायगर’ आपल्या जागी नीट उभी राहिली. ‘केंट’चा नांगर मात्र तोफांच्या भडिमारात पडला, गोंधळात दोर वेळेवर रोखला गेला नाही, आणि ती मागे सरकून ‘सॅलिसबरी’साठी राखलेल्या जागेत गेली. ‘सॅलिसबरी’ त्यामुळे लढाईत उतरू शकली नाही, आणि ‘केंट’ला दोन बाजूंचा मारा सोसावा लागला. तिचा कप्तान स्पीक आणि त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा एकाच गोळ्याने जखमी झाले. मुलगा पुढे वारला. चंद्रनगर पडले. त्यानंतर तीन महिन्यांनी प्लासी झाली.

या तिन्ही ठिकाणी शौर्य दोन्ही बाजूंना होते. विजयदुर्गावर आंगऱ्यांची माणसे भ्याली म्हणून आरमार गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पेशवे आणि आंगरे यांचे वैर हे त्या पराभवाचे मोठे कारण आहेच, आणि त्याचा दोष कोणत्याही खलाशाच्या माथी मारता येत नाही. परंतु आणखी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. आपली खाडी किती खोल आहे, हे परक्याने येऊन मोजले. आश्रयाची जागा कायमचीच आश्रयाची आहे, असे आपण धरून चाललो, आणि जहाजे अशी बांधली की संकटात एकीला दुसरीपासून सुटताच येऊ नये. उलट चंद्रनगरला एक दोर वेळेवर न रोखल्याची किंमत विजेत्यांनाही रक्ताने मोजावी लागली. ही विद्या कोणाच्याही जातीची वा देशाची नाही. जो पाणी मोजतो आणि दोर हाती ठेवतो, त्याची ती होते.

बजबजच्या घाटाला लागणारी एखादी होडी पाहावी. नावाडी दोर खुंटाला दोन वेढे देतो, पण त्याचे टोक काही वेळ हातातून सोडीत नाही. पाण्याचा रोख एकदा पाहतो, आणि मगच काठावर पाय ठेवतो. विजयदुर्गाच्या त्या दुपारी सारे आरमार जखडलेले होते, आणि दोराचे टोक कोणाच्याच हाती राहिले नव्हते.