घर आणि मत

माणसाचें राजकीय मत वाचनानें व व्याख्यानांनीं बनतें, अशी सुशिक्षितांची समजूत असते. आमच्या मतें तें पुष्कळ अंशीं घराच्या उंबरठ्यावर बनतें. २०२३ सालापर्यंत औरंगाबाद म्हणविणाऱ्या छत्रपति संभाजीनगराच्या तीन पिढ्या पाहिल्या म्हणजे हें ध्यानांत येईल.

निजामी राजवट १९४८ सालीं संपल्यावर येथें जो भाडेकरू वर्ग होता, त्यास १९५४ च्या हैदराबाद राज्याच्या कायद्यानें भाडेवाढीपासून व निष्कासनापासून संरक्षण दिलें. राज्य बदललें, तरी हा कायदा मार्च २००० अखेरपर्यंत टिकला. त्या पिढीच्या भाडेकरूस सरकार ही ढाल वाटे; घरमालकास तेंच सरकार मालमत्तेवरील जुलूम वाटे.

पुढें चिकलठाण्यास कारखाने आले. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें भाडेपट्ट्याच्या जमिनीवर, हप्त्यांनीं फेडतां येतील अशीं लहान घरें बांधलीं. हप्ते फिटतांच मागणी निघाली ती जमिनीच्या पूर्ण मालकीची! ज्यांस तेंहि साधलें नाहीं, त्यांनीं शेतजमिनीचा गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, मुद्रांकाच्या कागदावर घेऊन भिंती उभारल्या. अशा गुंठेवारी वस्तींतील माणसास तत्त्वज्ञानापेक्षां नळ, रस्ता व नगरसेवक हे जवळचे. २००१ च्या कायद्यानें हीं घरें नियमित करण्याची वाट उघडली. २०२१ सालीं ती डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस खुली झाली.

या शहराच्या राजकारणांत धर्म व जात यांचा वांटा मोठा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु एकाच जातीच्या, एकाच पगाराच्या दोन तरुणांत एकास वडिलांचें सिडकोचें घर मिळालेलें असतें व दुसरा दरमहा भाडें भरतो. पहिल्यास कर व शिस्त यांची काळजी; दुसऱ्यास सारी व्यवस्थाच परकी. इंग्लंडांत १९८० सालीं म्युनिसिपल घरें भाडेकरूंस सवलतीनें विकण्यांत आलीं, त्यामागेंहि मालकी मिळाल्यानें माणसाची वृत्ति पालटते हाच हिशेब होता.

आम्हांस खेद वाटतो तो एका विस्मृतीचा. घर मिळालेली पिढी तें केवळ आपल्या काटकसरीचें फळ समजते. काटकसर खरीच होती. पण तिच्या पाठीशीं भाडेनियंत्रण, सिडको किंवा नियमितीकरण, असा कायद्याचा हातहि होता. तोच हात नातवानें मागितला म्हणजे आजोबा त्यास आळशी म्हणतात. घरांतल्या या भांडणांत आजोबांनीं आपली जुनी कागदपत्रें एकदां पुन्हां वाचावींत, एवढीच आमची विनंति आहे.