जुनी खेळणी : संग्रह व लिलाव

जुनी खेळणी : मुलांच्या खेळासाठी तयार झालेली, परंतु मूळ उपयोग संपल्यानंतर दुर्मिळता, कारागिरी वा ऐतिहासिक महत्त्व ह्यांमुळे जतन केली जाणारी खेळणी. त्यांचा संग्रह करणे हा छंद आणि त्यांची खरेदी-विक्री हा व्यवसाय, ही दोन्ही मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली. खेळणे ही वापरून झिजणारी व अखेर टाकून दिली जाणारी वस्तू आहे. नाणे, चित्र वा दागिना जपण्यासाठीच घरात असतो. खेळणे मात्र मोडण्यासाठीच मुलाच्या हाती दिले जाते. साहजिकच जी खेळणी मुलांच्या हाती फारशी पडली नाहीत, तीच प्रायः चांगल्या स्थितीत टिकून राहिली. लिलावात सर्वाधिक किंमत येते ती मूळ खोक्यासह असलेल्या, न खेळलेल्या खेळण्याला. त्यामुळे लिलावातील भाव हे खेळण्याच्या लोकप्रियतेचे माप ठरत नाहीत. जुन्या खेळण्यांच्या इतिहासाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

पार्श्वभूमी : भारतात खेळण्यांची परंपरा सिंधू संस्कृतीइतकी जुनी असून हडप्पा, मोहें-जो-दडो इ. स्थळी मातीच्या लहान गाड्या, पशुपक्षी व शिट्ट्या सापडल्या आहेत. महाराष्ट्रात माती, लाकूड, कापड व पितळ ही खेळण्यांची प्रमुख द्रव्ये होती. ठकी ही रंगविलेली लाकडी बाहुली आणि घरातील भांड्याकुंड्यांच्या लहान प्रतिकृतींची भातुकली ही मुलींची आवडती खेळणी. सावंतवाडी येथील चितारी कारागिरांनी लाकडी फळे, बैलगाड्या, प्राणी व भातुकली ह्यांची रंगीत लाकूडकामाची परंपरा विकसित केली. ह्यांखेरीज विटी-दांडू, भोवरा, गोट्या, सागरगोटे, लगोरी ह्यांसारख्या खेळांची साधने बहुधा घरीच केली जात किंवा जवळच्या बाजारात अल्प किंमतीत मिळत. गोटीचे झाकण असलेल्या सोडावॉटरच्या बाटलीचे एकस्व हायरम कॉड ह्या इंग्रज अभियंत्याने १८७२ च्या सुमारास घेतले. पुढे अशा बाटल्या भारतात सर्वत्र प्रचारात आल्या आणि फुटलेल्या बाटलीतील काचेची गोटी मुलांच्या खेळात आली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रनिर्मित पत्र्याची खेळणी प्रचारात आली. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे त्यांचे प्रमुख केंद्र होते. गपिंगेन येथील मेर्क्लिन (१८५९) व ब्रांडेनबुर्ग येथील लेमान (१८८१) ह्या संस्थाही विशेष प्रसिद्धीस आल्या. आरंभी हाताने रंगविल्या जाणाऱ्या पत्र्यावर पुढे शिलामुद्रण तंत्राने चित्रे छापली जाऊ लागली आणि किल्लीवर चालणारी आगगाडी, मोटार, बोट अशी खेळणी तुलनेने स्वस्त झाली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी (१८६३–१९३६) ह्याने १९०१ मध्ये सांधजोडीच्या खेळण्याचे एकस्व घेतले. तेच पुढे ‘मेकॅनो’ ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्याच संस्थेने १९२० मध्ये हॉर्नबी आगगाड्या आणि १९३० नंतरच्या दशकात ‘डिंकी टॉइज’ ह्या ओतीव धातूच्या छोट्या मोटारी बाजारात आणल्या. त्यानंतर लेस्नी संस्थेच्या ‘मॅचबॉक्स’ (१९५३) आणि ‘कॉर्गी’ (१९५६) ह्या मोटारी लोकप्रिय झाल्या.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) जर्मन माल येणे बंद झाल्याने जपानी खेळण्यांना आशियाई बाजारपेठ मोकळी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या अंमलाखालील जपानमधून निर्यात होणाऱ्या मालावर काही काळ ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असे. हा शिक्का १९५२ नंतर लोपला असल्याने तो संग्राहकांस कालनिश्चितीचे सोपे साधन ठरतो. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे भारतात परदेशी खेळणी दुर्मिळ झाली व देशी कारखानदारीस वाव मिळाला. डिंकी टॉइजचे काही जुने साचे १९६० नंतरच्या दशकात भारतात आणून त्यांपासून ‘निकी टॉइज’ ह्या नावाने मोटारी तयार करण्यात आल्या. मूळ साचा इंग्लंडचा, पण रंग, चाके व खोके भारतीय अशा ह्या मोटारींना परदेशी संग्राहकांकडूनही मागणी असते.

लिलावाचा उदय : यूरोप-अमेरिकेत १९६० नंतर जुन्या खेळण्यांचे संग्राहक वाढले आणि लंडन व न्यूयॉर्क येथील लिलावसंस्थांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र विक्री सुरू केली. लंडनमधील दोन प्रमुख संस्थांनी १९७५ मध्ये विक्रेत्याकडील दलालीखेरीज खरेदीदाराकडूनही अधिभार घेण्यास आरंभ केला. तेव्हापासून हातोडा पडतानाची किंमत व प्रत्यक्षात द्यावी लागणारी रक्कम ह्यांत अंतर पडू लागले. अमेरिकेतील जॉर्ज ब्राउन ह्याच्या कारखान्यात १८७५ च्या सुमारास बनलेली ‘चार्ल्स’ नावाची पत्र्याची अग्निशामक गाडी १९९१ मध्ये न्यूयॉर्क येथे २,३१,००० डॉलरना विकली गेली. श्टाइफ ह्या जर्मन संस्थेचे ‘टेडी गर्ल’ नावाचे अस्वल १९९४ मध्ये लंडन येथे १,१०,००० पौंडांस गेले. दुसऱ्या उदाहरणात वस्तूइतकेच तिच्या पूर्वस्वामित्वाचे वृत्तही महत्त्वाचे होते. हे अस्वल एका लष्करी अधिकाऱ्याने बालपणापासून आयुष्यभर सांभाळले होते. माल्कम फोर्ब्स (१९१९–९०) ह्या अमेरिकन प्रकाशकाच्या संग्रहातील खेळण्यातील जहाजांचा न्यूयॉर्क येथील २०१० चा लिलावही गाजला.

मुंबईतील स्थिती : मराठीतील ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून किनारपट्टीवरील व्यापारातून तो रुळला. मुंबईच्या दक्षिण टोकास ह्या विक्रीपद्धतीची दोन रूपे एकमेकांपासून थोड्या अंतरावर आढळतात. कुलाब्याचा ससून डॉक (१८७५) येथे पहाटे मासळीचा लिलाव होतो व कोळी स्त्रिया त्यात बोली लावतात. तेथून जवळच, कफ परेडच्या बॅकबे किनाऱ्यावर, मच्छीमार नगर ही कोळी समाजाची वसाहत असून तिच्या पाठीशी उंच इमारती उभ्या आहेत. उत्तरेस कुलाबा, काळा घोडा व फोर्ट ह्या परिसरात कलावस्तूंची दालने व लिलाव आहेत. मासळीचे मूल्य काही तासांत घसरते, तर जुन्या वस्तूचे कालांतराने वाढते. परंतु दोन्ही व्यवहारांना कायदा एकच आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार लिलावातील प्रत्येक गट हा स्वतंत्र करार समजला जातो. हातोडा पडून किंवा अन्य रूढ रीतीने विक्री जाहीर होईपर्यंत बोलीदारास आपली बोली मागे घेता येते. विक्रेत्यास राखीव किंमत ठरविता येते. मात्र पूर्वसूचना न देता स्वतः वा हस्तकामार्फत बोली लावणे बेकायदेशीर असून, किंमत फुगविण्यासाठी खोटी बोली लावली गेल्यास खरेदीदारास ती विक्री रद्द करता येते.

विसाव्या शतकाअखेर मुंबई भारतीय कलालिलावांचे केंद्र बनली. २००० मध्ये स्थापन झालेल्या सॅफ्रनआर्टनंतर इतर देशी संस्था पुढे आल्या. क्रिस्टीज संस्थेने २०१३ मध्ये व सदबीज संस्थेने २०१८ मध्ये मुंबईत आपला पहिला लिलाव भरविला. ह्या विक्रींचा भर मुख्यतः चित्रे, शिल्पे, दागिने व घड्याळे ह्यांवर राहिला असून खेळण्यांना त्यांत गौण स्थान आहे. जुन्या खेळण्यांचा खरा बाजार भेंडीबाजारानजीकच्या मटन स्ट्रीटवरील चोर बाजारात वाढला. मोडीत निघालेली घरे, बंद पडलेली दुकाने आणि भंगारवाले ह्यांच्यामार्फत तेथे ग्रामोफोन, चित्रपटांची भित्तिपत्रके, घड्याळे इ. जिनसांसमवेत पत्र्याच्या मोटारी व आगगाड्याही येत. येथील व्यवहार घासाघिशीने होतो. सूची, छायाचित्र वा विक्रीची नोंद बहुधा राहत नाही. वस्तू कोणत्या घरातून आली हेही विक्रेत्याबरोबरच विस्मृतीत जाते. लिलावाचे मोठे ऐतिहासिक मूल्य त्याच्या छापील सूचीत असते. तिच्या अभावी मुंबईत कोणती खेळणी आली, ती कोणाकडे होती व त्यांचे पुढे काय झाले, ह्याचा माग काढणे कठीण होते.

टिकाऊपणा व हवामान : खेळण्यांच्या दुर्मिळतेस मुंबईचे हवामानही कारणीभूत आहे. मच्छीमार नगर, कफ परेड, कुलाबा ह्यांसारख्या किनाऱ्यालगतच्या भागांत खारट व दमट हवेने पत्रा लवकर गंजतो, छापील रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यास बुरशी व वाळवी लागते. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारख्या अशुद्धी राहिल्या असल्यास ओतीव मोटारी आतून तडकून त्यांचा चुरा होतो. दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक डिंकी मोटारी ह्या दोषाने नष्ट झाल्या. सेल्युलॉइडच्या बाहुल्या उष्णतेने विघटन पावतात व चटकन पेट घेतात.

ह्या संदर्भात मेणबत्तीच्या उष्णतेवर फटफट आवाज करीत पाण्यात चालणारी पत्र्याची लहान नाव उद्बोधक आहे. तिच्या मूळ कल्पनेचे एकस्व टॉमस पिओ ह्याने इंग्लंडमध्ये १८९१ मध्ये घेतले. नावेतील चपट्या बाष्पपात्रातील पाण्याची वाफ होऊन नळ्यांतील पाणी मागे फेकले जाते. वाफ थंड होताच पाणी पुन्हा आत ओढले जाते. बाहेर पडणारा झोत एकाच दिशेने जातो, तर आत येणारे पाणी सर्व बाजूंनी येते. त्यामुळे नाव पुढे सरकते. भारतात ही नाव पिढ्यान्पिढ्या जत्रांत व रस्त्यांवर अल्प दरात विकली गेली. परंतु पाण्यात खेळण्यासाठीच केलेला पातळ पत्रा पाण्यानेच गंजतो व खेळणे निरुपयोगी होते. असंख्य मुलांनी हाताळलेले हे खेळणे त्यामुळे संग्रहांत अल्प प्रमाणात आढळते. याउलट श्रीमंत घरातील कपाटात राहिलेली जर्मन बोट लिलावात पोहोचते.

पारख व बनावट : खेळण्याची पारख करताना कारखान्याचे चिन्ह, देशाचे नाव, रंगाची मूळ स्थिती, किल्ली, चाके व खोके ही पाहतात. ब्रिटिश व्यापारचिन्ह अधिनियमाने (१८८७) परदेशी मालावर मूळ देशाची खूण आवश्यक ठरविल्याने ‘मेड इन जर्मनी’सारखी अक्षरे कालनिश्चितीस उपयोगी पडतात. रंग नव्याने दिल्यास किंमत बहुधा घटते. जंबुपार प्रकाशात नवा रंग अनेकदा वेगळा दिसतो. जुन्या साच्यावरून केलेल्या नव्या प्रती, नक्कल केलेली खोकी आणि कृत्रिम रीतीने आणलेला गंज हे फसवणुकीचे नेहमीचे प्रकार होत.

कायदा : पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. किमान शंभर वर्षे जुनी असलेली कारागिरीची वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ह्या अधिनियमानुसार पुरावशेष ठरते. अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो आणि केंद्र शासन वा त्याने अधिकृत केलेली संस्था ह्यांखेरीज कोणासही त्या परदेशी पाठविता येत नाहीत. पहिल्या महायुद्धापूर्वीची खेळणी आता ह्या वयोमर्यादेपलीकडे गेली आहेत. त्यामुळे सावंतवाडीची जुनी लाकडी बैलगाडी असो वा मुंबईत आलेली पत्र्याची आगगाडी, ती परदेशी लिलावात पाठविण्याच्या आड हा कायदा येऊ शकतो.

संग्रहालये : खासगी संग्रह विकला गेला की तो विखुरतो, सार्वजनिक संग्रहालयात तो एकत्र राहतो. पुणे येथील दिनकर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनी दैनंदिन वापराच्या वस्तूंचा प्रचंड संग्रह करून त्यास अकाली मृत्यू पावलेल्या आपल्या राजा ह्या मुलाचे नाव दिले व पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यातच भाऊ जोशी ह्यांच्या छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर ह्यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय स्थापन झाले. मुंबईच्या भायखळ्यातील भाऊ दाजी लाड संग्रहालयात लोकजीवन दर्शविणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. त्या खेळणी नसल्या, तरी सामान्यांचे जीवन लहान आकारात नोंदविण्याची ती जुनी पद्धत होय.

लिलावाने एकेकाळी टाकाऊ समजल्या गेलेल्या वस्तूंना प्रतिष्ठा दिली आणि त्या भंगारात जाण्यापासून वाचविल्या, हे त्याचे निर्विवाद कार्य आहे. तथापि विकत घेण्याजोगे व टिकण्याजोगे होते तेवढेच त्याने वाचविले. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींतील भोवरे व गोट्या, मच्छीमार नगरासारख्या वस्त्यांतील मुलांनी हाताशी असलेल्या जिनसांतून केलेली खेळणी ह्यांना बाजारभाव नव्हता. म्हणून त्यांची सूचीही झाली नाही. अशा खेळण्यांची वर्णने, रेखाटने व ती करण्याच्या रीती वृद्ध मंडळींच्या आठवणींतून नोंदविणे, हाच त्यांच्या जतनाचा उरलेला मार्ग असून त्या आठवणीही पिढीबरोबर ओसरत आहेत.