करड्या छटा आणि डोंगरांची उंची

कागद सपाट आणि डोंगर उंच, ही नकाशाकारांची जुनी अडचण. 1799 साली सॅक्सनीतील सैनिकी अधिकारी योहान गेऑर्ग लेमान याने तिच्यावर एक नियमबद्ध तोडगा मांडला. उताराच्या दिशेने बारीक रेघा ओढायच्या. उतार जितका तीव्र, तितक्या रेघा जाड. सपाट जमीन पांढरी, तर 45 अंशांचा उतार पूर्ण काळा. पण पाचगणीचे टेबललँड असे काढले तर माथाही पांढरा आणि खालची वाईकडील सपाट जमीनही पांढरीच! इथे छटा उतार सांगते, उंची नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास द्यूफूर यांच्या देखरेखीखाली स्वित्झर्लंडचे नकाशे झाले. त्यांत प्रकाश वायव्येकडून येतो असे मानून डोंगराची एक बाजू उजळ, दुसरी गडद दाखवली होती. हे काम हातानेच होई. 1960 च्या दशकात पिन्हास योएली यांनी तीच छाया गणिताने काढून दाखवली.

संगणकाने छटेला उंचीचा अर्थ दिला. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला एक अंक असतो: 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा, मधले सारे करडे. काळा सर्वांत खोल आणि पांढरा सर्वांत उंच मानला की करडे चित्र हाच उंचीचा तक्ता होतो. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या अंकांतील फरकावरून उतार मिळतो, उतारावरून छाया. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकसारखी बदलणारी पट्टी त्रिमितीत एकसारखी चढण बनते.

आता सातारा-सांगलीचे असे चित्र करू. सांगलीजवळचा कृष्णाकाठ समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर, महाबळेश्वरचा माथा 1,430 मीटरांच्या थोडा वर. म्हणजे साधारण 900 मीटर 255 पायऱ्यांत बसवायचे. एक पायरी सुमारे साडेतीन मीटरांची! त्यामुळे मंद उतारावर शेताच्या बांधांसारखे खोटे टप्पे दिसू लागतात. ठिपके विखरून टाकण्याची एक युक्ती आहे. तिने डोळ्यांना चित्र गुळगुळीत भासते, पण हरवलेली उंची परत येत नाही.

हा केवळ देखणेपणाचा प्रश्न नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट मानली जाते. हा फरक दीड मीटर, म्हणजे आपल्या एका पायरीच्या निम्म्याहून कमी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेले. कोणती गल्ली बुडेल आणि कोणती वाचेल, हे असे चित्र सांगू शकणार नाही.

मग छटा वाढवाव्यात का? 16 बिटांत 65,536 छटा मिळतात आणि पायरी दीड सेंटिमीटरांवर येते. पण मोजमापही तितके बारीक हवे. फेब्रुवारी 2000 मध्ये 'एंडेव्हर' यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या सुमारे 80 टक्के जमिनीची उंची मोजली. त्या मोजणीत 16 मीटरांपर्यंतची चूक मान्य धरलेली होती. अशा आकड्यांना कितीही छटा दिल्या तरी पुराची रेषा अचूक होत नाही. त्यासाठी जमिनीवरचे बारीक मोजमापच लागते.

वर्गात आलेखाच्या कागदावर हे करून पाहता येईल. शाळेजवळच्या टेकडीच्या उंचीचे अंक चौकोनांत लिहून पेन्सिलीने आधी चार छटांत, मग आठ छटांत रंगवावेत. कोणती माहिती कुठे गळली, हे मुलांना आपोआप दिसेल.