टोकामाकमधील ऊर्जाधारण

चुंबकीय क्षेत्राने कंकणाकृती पात्रात कोंडलेल्या प्लाझ्म्याची उष्णता टिकवून धरण्याची क्षमता (पहा : टोकामाक; अणुकेंद्रीय संमीलन). संचित ऊर्जेस गळतीच्या शक्तीने भागले असता धारणकाल मिळतो. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५० नंतर सिद्ध केलेल्या टोकामाक या यंत्रात तापमान व घनता यांच्या उतारांतून उद्भवणारा सूक्ष्म संक्षोभ, कणांच्या परस्पर आघातांमुळे होणाऱ्या गळतीहून कितीतरी अधिक उष्णता बाहेर वाहून नेतो, आणि खरी अडचण हीच होय. १९८२ मध्ये जर्मनीतील गार्शिंग येथील ॲस्डेक्स यंत्रावर फ्रिट्झ व्हाग्नर यांस असे आढळले की, तापनशक्ती विशिष्ट मर्यादेपलीकडे जाताच प्लाझ्म्याच्या कडेचा संक्षोभ शमून धारणकाल सुमारे दुप्पट होतो. तेथील विषमगती प्रवाह संक्षोभाचे भोवरे छिन्न करतात, हे त्याचे सर्वमान्य कारण. फ्रान्समधील ईटर प्रकल्पाची, ५० मेगावॉट तापनशक्तीतून ५०० मेगावॉट संमीलनशक्ती मिळविण्याची, मदार याच उच्चधारण अवस्थेवर आहे. मात्र तीत कडेवर वारंवार होणारे ऊर्जास्फोट पात्राच्या भिंतीस अपायकारक ठरतात (पहा : प्लाझ्मा अस्थैर्य).